कोरडं पेट्रोल

अंबड चौफुलीच्या अलीकडं, उसाच्या दोन ट्रॉल्यांमागं गाडी गोगलगायीच्या चालीनं सरकत असताना, तो पिवळा दिवा पुन्हा लागला. आवाज नाही, हिसका नाही, काही नाही. मीटरच्या काचेमागं इंजिनाचं ते एवढंसं चित्र हळदीच्या रंगानं उजळलं आणि जागा धरून बसलं. शालूनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग ट्रॉल्या डाव्या अंगाला झाल्या, रस्ता मोकळा झाला, तरी तिनं गाडी पुढं काढली नाही. मागच्यानं हॉर्नवर हात दाबून धरला तेव्हा ती भानावर आली. "घ्या! आला का पाहुणा परत," ती मोठ्यानं म्हणाली. गाडीत ऐकायला कुणी नव्हतं. तिच्या गाडीत कधीच कुणी नसतं. शेजारच्या सीटवर पर्स, पर्सशेजारी डबा, डब्याखाली बदलीच्या अर्जाचा लिफाफा. सहा वर्षं झाली, ती सीट अशीच सामानानं भरलेली असते. तीन महिन्यांमागं हाच दिवा लागला होता. तेव्हा कारभारी मिस्त्रीनं धुराच्या नळीतला सेन्सर बदलून दिला होता आणि वर छातीठोक सांगितलं होतं, "सिस्टर, आता पाच-सात वर्सं इकडं बघायचं कामच न्हाई." पाच-सात वर्षं! दुसरी कुणी असती तर मिस्त्रीच्या नावानं बोटं मोडली असती. शालूच्या मनात मिस्त्री आलाच नाही. तिच्या मनात आलं ते असं, की ही गाडीच आता माझ्याकडं नांदायला तयार नाही. आणि असं मनात आलं तरी गाडी तिनं गॅरेजच्याच दिशेला वळवली.

तशी त्या शुक्रवारी ती निघाली होती जिल्ह्याच्या ऑफिसात, तो लिफाफा द्यायला. शालू आरोग्य सहायिका. घनसावंगी तालुक्यातली सात उपकेंद्रं तिच्याकडं. गरोदर बाया, लसी, रजिस्टरं, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला ही दोन हजार अकराची गाडी. लोक अजून सिस्टरच म्हणतात. जालन्याला एक जागा रिकामी झाली होती, विनंती अर्ज सोमवारी पाचच्या आत पोचायला हवा होता. महिना झाला, तो अर्ज घरी फ्रिजवर, बीपीच्या गोळ्यांच्या डब्याखाली पडून होता. सही करून झाली होती, तारीख तेवढी घालायची होती. तारीख घालायला महिना लागतो का हो माणसाला? लागतो. कारण जालन्याला बदली म्हणजे जालन्यात खोली, आणि जालन्यात खोली म्हणजे तीर्थपुरीच्या घरात अप्पाराव एकटे. अप्पाराव तिचे सासरे. सत्त्याहत्तरीचे, काटक, तोंडानं कमी. सासूबाई कधीच्या गेल्या. कल्याण, शालूचा नवरा आणि अप्पारावांचा एकुलता एक, सहा वर्षांमागं घनसावंगीच्या स्टँडवर चहाचा कप हातात असताना छाती धरून खाली बसला तो उठलाच नाही. मुलगी प्रिया पुण्याला नोकरीत. उरले दोघं. एका छपराखाली दोन माणसं आणि दिवसाचं बोलणं मुठीत मावेल एवढं: "जेवलात का मामा?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." भांडण म्हणाल तर तेही नाही. भांडण असतं तर निदान घरात आवाज झाला असता.

आणि या सगळ्याच्या मुळाशी, शालूच्या मते, ही गाडी होती. कल्याणनं हौसेनं घेतलेली, दर दसऱ्याला झेंडूच्या माळेत बुडवून काढलेली. तो गेला आणि गाडी अंगणात पत्र्याखाली चार महिने धूळ खात पडली. मग शालूनं घनसावंगीला जाऊन चालवायचं शिकून घेतलं. गल्लीत चर्चा झाली, व्हायचीच. पहिल्यांदा गाडी पत्र्याबाहेर काढली तो दिवस तिला कालच्यासारखा आठवतो. समोरच्या ओट्यावर चार-पाच जण बसलेले, कुणी तंबाखू मळतंय, कुणी नुसतंच बघतंय. तिनं वाकून शेजारचं दार आतून उघडलं आणि म्हणाली, "बसा ना मामा, महादेवाच्या देवळापर्यंत जाऊन येऊ." अप्पारावांनी गाडीकडं बघितलं, ओट्याकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला न्हाई बसायचं. तू जा एकली." आणि दार त्यांनी स्वतःच्या हातानं लावून घेतलं. ते दार लागल्याचा आवाज शालूच्या कानात सहा वर्षं राहिला. त्यानंतर म्हातारा दवाखान्याला जाणार काळी-पिवळी जीपनं, कुंभार पिंपळगावच्या बाजाराला जाणार एसटीनं. एकदा तर ती कुंभार पिंपळगावहून येत होती आणि पुढं जीप, जीपच्या मागच्या फळीवर बारा माणसांत कोंबलेले अप्पाराव, तोंड तिच्याकडं. दोन किलोमीटर ते दोघं एकमेकांकडं बघत होते, मधी फक्त तिची काच. त्यांनी हात हलवला नाही. तिनंही नाही. पोराची गाडी सून चालवते हे म्हाताऱ्याला बघवत नाही, एवढा त्याचा अर्थ तिनं लावला आणि तो अर्थ जपून ठेवला. मनाला लागलेली गोष्ट बाई कपाटातल्या पैठणीसारखी घडी घालून ठेवते, अधूनमधून उघडून बघते.

कारभारी मिस्त्रीचं गॅरेज अंबड रोडलाच. शालू दिसल्याबरोबर त्यानं चहा सांगितला आणि दिव्याबद्दल कळल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. "असं होऊच शकत न्हाई, सिस्टर," तो म्हणाला, आणि मग स्वतःलाच म्हणाला, "पण झालंय." त्यानं डॅशबोर्डखाली स्कॅनरची वायर खोचली, पडद्यावरचे आकडे बघितले, परत बघितले. पुढचा सेन्सर आणि मागचा, दोन्ही नापास. शालूला हा माणूस आवडायचा. आपला माल खोटा निघाला असेल तर तसं तोंडावर सांगायची त्याची तयारी असायची, आणि असली माणसं दुनियेत मोजकी. गाडी त्यानं गॅरेजातल्या चढावर घेतली, इंजिन चालूच ठेवलं. "गरम हाय तोवरच सुटतो बघा हा. थंड झाला की जाम धरून बसतो, मंग पाना मोडतो पण हा न्हाई सुटत." खालून त्याचे फक्त पाय दिसत होते. शालू स्टुलावर बसून ते पाय बघत होती आणि मनाशी म्हणत होती, गरम असतानाच सुटतं. थंड झालं की जाम. आमच्या घरातलं तर सहा वर्षांपूर्वीच थंड झालं. मिस्त्री बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात दोन्ही सेन्सर होते, शेपटी असलेल्या उंदरांसारखे. तीन महिन्यांमागं त्यानंच तिला समजावलं होतं, की हे गाडीचं नाक. धुराचा वास घेतं आणि इंजिनाला सांगतं, पेट्रोल जास्त झालं, कमी कर. कमी झालं, वाढव. नाक चोंदलं की इंजिन आंधळं होतं, अंदाजानं पेट्रोल ओततं, धूर काळा येतो, पीयूसी होत नाही. आता त्यानं नवा बसवलेला सेन्सर उजेडात धरला, त्याच्या टोकावर बोट फिरवलं, दोन बोटांत ती काजळी चोळली आणि नाकाशी नेली. मग त्यानं ती बोटं शालूपुढं केली. "वास घ्या, सिस्टर. पेट्रोलची काजळी कोरडी असती, भुकटी. ही तेलकट हाय. इंजिन तेल खात न्हाई, ते म्या बघितलं, तेलाची पातळी बराबर हाय. हे तेल टाकीतून येऊन राह्यलं." तो तिच्याकडं बघत म्हणाला, "तुमच्या पेट्रोलमधी टूटी तेल, जुन्या दुचाकीत मिसळायचे ते, कोण टाकतं?"

शालूनं वास घेतला. आणि अहो, काय सांगायचं, ते गॅरेजच तिच्या डोळ्यांपुढून गेलं. हा वास तिला कित्येक महिन्यांपासून येत होता. सोमवारी सकाळी गाडी सुरू केली की पत्र्याखाली निळसर धूर रेंगाळायचा, आणि त्या धुरात काहीतरी ओळखीचं असायचं, गोडसर, जळकट, काळजाला हात घालणारं. ती थबकायची, नाव आठवायचं नाही, उशीर झालेला असायचा, ती निघून जायची. आता नाव आठवलं. लुना. अप्पारावांची लाल लुना, पायंडल मारायची ती हलकी मोपेड. लग्नाला वर्ष झालं होतं, साल दोन हजार. बारावी शिकलेली सून चुलीपुढं बसलेली बघून अप्पारावांनी एक दिवस पेपरातली चौकट कात्रीनं कापून आणली आणि भाकरीच्या परातीशेजारी ठेवली. नर्सच्या ट्रेनिंगची जाहिरात. कल्याण बापाला म्हणाला होता, "काय गरज हाय, दादा? लोक काय म्हणतील, बायकोच्या पगारावर जगतो?" मुलाखतीच्या दिवशी पहाटे अप्पारावांनी लुना बाहेर काढली. त्या गाडीचं पेट्रोल भरायची त्यांची एक पद्धत होती: पेट्रोल आलं की खिशातून तेलाची बाटली काढायची, झाकण पुसायचं, एक झाकण मोजून ओतायचं, मग गाडी दोन्ही हातांनी डावीउजवीकडं हलवायची, तान्ह्या पोराचा ढेकर काढतात तशी. "कोरडं पेट्रोल जाळलं की इंजिन जळतं," ते म्हणायचे. कल्याणनं कॉलेजात असताना एकदा तेल न टाकता लुना पिदडली होती आणि ती फाट्यावर जाम होऊन बसली होती; ती गोष्ट अप्पारावांनी त्याला जन्मभर ऐकवली. त्या पहाटे शालू डोक्यावरून पदर घेऊन लुनाच्या मागं बसली. सासरा पुढं, सून मागं; अंगाला अंग लागू नये म्हणून मधी कापडी पिशवी. पिशवीत तिची सर्टिफिकिटं आणि दोन भाकरी. घनसावंगीपर्यंत ती पिशवीला धरून बसली होती. गावातले लोक हसले. एक जण तर मोठ्यानं म्हणाला होता, "अप्पा, आता बुलेट घ्या, सुनंला लुना शोभत न्हाई." अप्पारावांनी मान वळवली नाही. तिथून एसटीनं जालना, मुलाखत होईपर्यंत ते बाहेर लिंबाखाली उकिडवे बसून होते, ती बाहेर आली तेव्हा विचारलं फक्त एवढंच, "बोलली ना बराबर?" आज ती जी कुणी होती, सात उपकेंद्रांची सिस्टर, दोन तारखेला पगार घेणारी, ती त्या पिशवीमागं बसून झालेली होती. आणि हे ती चक्क विसरली होती. एक दार लागल्याचा आवाज लक्षात राहिला आणि एक अख्खा रस्ता विसरून गेली, काय म्हणावं या मनाला.

पण मन म्हणजे सरळ रस्त्यानं जाईल ते मन कसलं! उपकाराची आठवण यायला आणि संशयानं डोकं वर काढायला एकच गाठ पडली. तेल कोण टाकतं? घरात टूटी तेलाची बाटली एकच, कपाशीच्या फवारणी पंपासाठी आणलेली, पत्र्याखालच्या फळीवर. गाडीची चावी कल्याणच्या फोटोशेजारी खुंटीला. घरात माणसं दोन. त्यातलं एक ती स्वतः. मग अप्पाराव. पण का? ज्या गाडीत ते बसत नाहीत, जिच्याकडं मान वर करून बघत नाहीत, तिच्या टाकीत ते तेल का ओतत असतील? म्हाताऱ्यांना पेट्रोल-डिझेल-तेल यांत गल्लत होते म्हणावं, तर अप्पारावांची नजर आणि डोकं दोन्ही शाबूत. मुद्दाम? गाडी बंद पडावी, सून घरी बसावी, म्हणून? हा विचार तिला शोभत नव्हता हे तिला कळत होतं, पण आलेला विचार पाहुण्यासारखा असतो, आला की त्याला पाणी विचारावंच लागतं. मिस्त्रीनं दोन नवे सेन्सर बसवले, आधी हातानं अलगद आटे धरवून, मग पान्यानं. टाकीतलं पेट्रोल उपसून काढलं, नवं भरलं. दिवा विझला. "कुणी टाकत असल तर त्याला सांगा, जुन्या लुनाला ते अमृत व्हतं, ह्या गाडीला इख हाय," तो म्हणाला. तोवर चार वाजून गेले होते, ऑफिसात क्लार्क असेल-नसेल. लिफाफा तसाच घेऊन ती परत फिरली. गाडी लोण्यासारखी चालत होती. अंबड मागं पडलं, कापसाची शेवटची बोंडं झाडांवर लोंबत होती, ऊस तोडणाऱ्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत होत्या. एरवी अशा चालीच्या गाडीत ती गाणं गुणगुणली असती. आज तिच्या नाकातून तो वास जात नव्हता आणि तो वास रागाचा आहे की मायेचा, हे तिला ठरवता येत नव्हतं. घरी पोचली तेव्हा अप्पाराव दारात बसले होते. नेहमी बसतात तसेच. "आली?" "आले." "गाडी?" त्यांनी विचारलं. गाडीबद्दल ते कधी विचारत नसत. "नीट झाली," ती म्हणाली आणि आत निघून गेली. शनिवार तिनं असाच गिळला. रविवारचं धुणं आदल्या दिवशीच उरकलं, रजिस्टरं भरली, पोळ्या करताना दोन करपवल्या.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती आणि पत्र्याखालून गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. ती खिडकीशी गेली. अप्पाराव गाडीत वाकून पेट्रोलच्या झाकणाची खिट्टी ओढत होते. मग ते मागं आले, चावी लावून झाकण फिरवलं, ते उपरण्यात धरून ठेवलं. फळीवरची बाटली काढली. बाटलीचं झाकण उपरण्याच्या दुसऱ्या टोकानं पुसलं, आतून, बाहेरून, उजेडात धरून बघितलं. एक झाकण भरलं. बाटली खाली ठेवली. गाडीच्या पाठीवर त्यांनी डावा हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते काचेतून ऐकू आलं नाही. पण त्या हाताकडं बघितल्याबरोबर शालूचा दोन दिवसांचा संशय जो गळाला, तो गळालाच. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की चहा गाळणीतून ओट्यावर सांडला. वाईट चिंतणाऱ्याचा हात असा नसतो. तिनं एवढ्या बाळंतिणी बघितल्या होत्या, एवढे बाप दवाखान्याच्या दारात बघितले होते, हात ओळखायला तिला कुणी शिकवायला नको होतं. ती तशीच बाहेर धावली. "मामा, थांबा! ओतू नका!"

अप्पाराव दचकले. पण झाकणातलं तेल सांडलं नाही. चोरी पकडल्यासारखे ते उभे राहिले, एका हातात भरलेलं झाकण, काखेत उपरणं. "काही न्हाई माय," ते म्हणाले. "जरा तेल टाकून राह्यलो व्हतो. कोरडं पेट्रोल जाळत असती तू. तुला सांगणार कोण?"

"कधीपासून टाकता?"

"मागच्या वर्सी तू कुंभार पिंपळगावला बंद पडली नव्हती का, अन् जीपमधी बसून आल्ती? तवापासून. दर ऐतवारी एक झाकण. तू लुगडी धुती तवा." त्यांनी हातातल्या झाकणाकडं बघितलं. "कल्याणला म्या लई बोललो त्या तेलावरून. पोरगं गेलं. आता गाडी तरी जाम व्हायला नको."

शालूनं त्यांच्या हातातलं झाकण घेतलं नाही. तिनं खरं काय ते सांगितलं. या गाडीला तेल लागत नाही, तिच्यात तेलाची वेगळी सोय असते. टाकीतलं तेल जळून धुराच्या नळीतल्या नाकाला चिकटतं, नाक चोंदतं, म्हणून तो पिवळा दिवा लागतो. तीन महिन्यांमागं त्याच्यामुळं लागला आणि परवाही त्याच्यामुळंच. अप्पाराव ऐकत होते. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"म्हंजी म्याच बिघडवली?"

तिला खोटं बोलता आलं असतं. "हो मामा," ती म्हणाली, "तुम्हीच बिघडवली," आणि तिला हसू फुटलं. हसू आणि डोळ्याला पाणी, दोन्ही एकदमच. थांबवायला गेली तर आणखीच आलं. "पण पहिला सेन्सर नऊ महिने टिकला, मामा. दुसरा तीन महिन्यांतच कसा गेला?"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "ह्या महिन्यात दोन-दोन झाकणं टाकली."

"दोन का?"

"तुझा अर्ज वाचला म्या. फ्रिजवर व्हता, गोळी घेताना रोज दिसायचा." त्यांनी झाकणातलं तेल परत बाटलीत ओतलं, थेंबही न सांडता, बूच घट्ट लावलं आणि टाकीचंही झाकण बंद केलं. "जालन्याला गेली की तिथं तेल टाकायला कोण हाय? म्हणलं, जाईस्तोवर अंगात मुरू द्यावं थोडं. जा तू. बिलकुल जा. दवाखाने हायेत, प्रिया आली तर तिला बरं पडल. मला भाकरी टाकता येती."

शालू पत्र्याच्या खांबाला टेकली. सहा वर्षांत हा माणूस एवढं बोलला नव्हता. आणि मग तिनं तेही विचारून घेतलं, जे सहा वर्षं विचारायचं राहिलं होतं. गरम आहे तोवरच सुटतं, मिस्त्रीनं सांगितलं होतं. "मामा, त्या दिवशी तुम्ही दार का लावलं? माझ्या गाडीत का बसला नाहीत?"

अप्पारावांनी तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिनं दोन आणि दोन किती विचारलं. "अगं, ओट्यावर ती टोळी बसलेली. मी शेजारी बसलो असतो तर काय म्हणले असते? म्हातारा राखण करून राह्यला. सासऱ्याच्या धाकात चालवती. लुनाच्या येळंला ते मला हसले, ते म्या सोसलं. पण तुला हसू द्यायचं नव्हतं. तू एकलीनं चालवायची व्हती, अन् त्यांनी ते बघायचं व्हतं." उपरण्यानं त्यांनी तोंड पुसलं. "बघितलं की त्यांनी. आता त्यांच्याच सुना तुझ्याकडं येतात का न्हाई, गाडी शिकीव म्हणून?"

येतात. दोघी येऊन गेल्या होत्या. शालूला ते कधी अप्पारावांशी जोडून बघायचं सुचलं नव्हतं. त्या बंद झालेल्या दारानं तिला बाहेर ढकललं नव्हतं, पुढं सोडलं होतं. मागं लुनावर बसवून एकदा आणि मग बाजूला उभं राहून एकदा, दोन वेळा या माणसानं तिला रस्त्याला लावलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याचा गाजावाजा न करता. ती पाया पडली असती, पण अंगणासमोरचा ओटा जागा झाला होता, आणि म्हातारा लाजून आत पळाला असता. तेव्हा तिनं दुसरं केलं. आत गेली. शेजारच्या सीटवरून आणलेली पर्स उघडली, लिफाफा काढला, अर्जाचे चार तुकडे करून ते चुलीशेजारच्या डब्यात टाकले. हात धुतले. पदर सारखा केला. बाहेर येऊन तिनं गाडीचं पुढचं दार उघडून धरलं, त्या दिवशी धरलं होतं तसंच.

"बसा मामा. कुंभार पिंपळगावला जाऊन येऊ. लोकांनी बघून घेतलं आता."

"असं म्हणती?" अप्पाराव म्हणाले. "मंग जरा थांब, पिशवी घेतो." ते पिशवी घेऊन आले, चपला दारातच झटकल्या आणि गाडीत बसले, सीटच्या कडेला, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. पट्टा कसा लावायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. शालूनं वाकून तो ओढला, त्यांच्या छातीवरून आणला आणि खटक्यात बसवला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती तिच्या. सासऱ्याला तिचा हात एवढ्या जवळून लागला तो पहिल्यांदाच. दोघांनीही ते जाणलं, दोघंही समोर बघत राहिले. तिनं चावी फिरवली. मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि इंजिन सुरू झाल्यावर एकेक करून विझले, पिवळाही विझला. धूर आला नाही, वासही आला नाही, आणि त्या वासाची तिला जरा आठवणच झाली. समोरच्या ओट्यावरून कुणीतरी हाक मारली, "अप्पा, कुठं?" अप्पारावांनी काच खाली करायचा प्रयत्न केला, जमला नाही, तेव्हा आतूनच मोठ्यानं म्हणाले, "बाजारला! सून घेऊन चाललीय!" मग ते नीट मागं टेकून बसले, आणि सवयीनं, न बघता, त्यांनी हातातली कापडी पिशवी उचलून दोघांच्या मधी ठेवली. गिअरला अडचण व्हायला नको, असं काहीतरी शालू पुटपुटली, आणि तिनं ती पिशवी उचलून मागच्या सीटवर ठेवली.